नावेचं घर शेवटी

यंदा करडईची भाजी आणि निवडणूक दोन्ही जालन्यात एकदमच आली. मंडईत मी जुडी निवडत होते आणि पाठीमागून भोंगा लावलेली रिक्षा गेली. उमेदवार कोण, निशाणी काय, काही कळलं नाही. माझे कान हल्ली एवढं सगळं घेत नाहीत. संध्याकाळी एक पोरगा घरी आला. पांढरेशुभ्र कपडे, हातात फोन. वाकून पाया पडला आणि म्हणाला, मतदानाच्या दिवशी गाडी पाठवतो, आजी, सगळ्यात आधी तुम्हालाच नेतो. चांगला होता बिचारा. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, मला आधी नेऊ नकोस बाबा, सगळ्यांना नेऊन झालं की मग ये. त्याला वाटलं म्हातारी रुसली. मी रुसले नव्हते. पण हे त्याला समजावून सांगायचं तर गंगेत एक बेट होतं इथपासून सुरुवात करावी लागली असती, आणि त्याला अजून बरीच घरं घ्यायची होती.

गंगा म्हणजे आमची गोदावरी. काठावरचं माणूस तिला गोदावरी म्हणत नाही. शहागडच्या खालच्या अंगाला ती दोन धारांत फुटायची आणि मधे एक लांबट बेट सोडायची. त्या बेटावर मी लग्न होऊन आले. वरच्या टोकाला आमची शेतकऱ्यांची वस्ती, खालच्या टोकाला भोई लोकांची घरं, आणि मधे गाळाची जमीन. त्या जमिनीत वांगी इतकी यायची की बाया म्हणायच्या, इथं काठी रोवली तरी तिला वांगं लागेल. उन्हाळ्यात पलीकडची धार गुडघ्याइतकी व्हायची, पोरं चालत जायची. पण मृगापासून ते थेट संक्रांतीपर्यंत नावेशिवाय गती नव्हती. मीठ नावेतून, नवरी नावेतून, मास्तर नावेतून आणि मढंसुद्धा नावेतून. मढं जाळायला पलीकडे का न्यायचं, तर बेट लहान, आणि जिवंत माणसांनाच जागा पुरेना.

नाव सटवाजी भोयाची होती. त्याच्या बापाची, आज्याचीही तीच, म्हणजे लाकूड बदललं असेल, पण नाव तीच. मी त्याला सटवाजीमामा म्हणायची आणि त्याच्या बायकोला राहीमामी. उतराईचे पैसे तो कोणाकडून घेत नसे. सुगीत प्रत्येक घरातून जे धान्य जाईल ते त्याचं. पीक बुडालं तर त्याचंही बुडालं. असा सगळा कारभार, तोंडाचा आणि डोळ्यांचा.

त्या नावेचा एक नियम होता. तो कोणी केला ते कोणालाच माहीत नव्हतं. काठावर माणसं जमली की आधी पोटुशी बाई, म्हातारे, आजारी, मग पाव्हणा, मग ज्याला घाई असेल तो, मग बाकीचे. आणि नावेचं घर शेवटी. नावेचं घर म्हणजे सटवाजीमामाची आई, बायको, त्याचे दोन धाकटे भाऊ आणि त्यातल्या एकाची बायको. काठावर दुसरं एकही माणूस उभं असलं की ही मंडळी मागे सरायची. पुराचं पाणी वस्तीत शिरायला लागलं तरी तेच. आम्ही सगळे पलीकडच्या देवळात ओल्या कपड्यांनी बसलेले असायचो आणि सगळ्यात शेवटी राहीमामी सासूचा हात धरून चिखलातून चढून यायची. मी नवी असताना मामाला विचारलं होतं, की असं का. त्याने वल्हं न थांबवता सांगितलं, "घरचं माणूस पल्याड गेलं की नाववाल्याचं मन बी पल्याड जातं. मंग अल्याडचे लोक कोणी आणायचे?"

हे उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं. माहेरी गेल्यावर मी ते सगळ्यांना सांगितलं. चांगल्या माणसाची गोष्ट सांगताना आपणही थोडे चांगले होतो असं वाटतं, त्यातलाच प्रकार.

त्या वर्षी, म्हणजे हैदराबाद राज्य मोडून आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात, भाद्रपदात माहेरहून सांगावा आला की वडील अत्यवस्थ आहेत. गंगा दोन्ही काठ धरून वाहत होती. पाणी मातकट, मधूनच एखादं झाड मुळांसकट चाललेलं. घरातले पुरुष काठावर जाऊन आले आणि म्हणाले, पाणी ओसरू दे, मग बघू. त्यांचंही चुकलं नव्हतं. मी चुलीपाशी बसून राहिले. तेवढ्यात मामा दारात येऊन उभा राहिला. कोणी बोलावलं नव्हतं. म्हणाला, वहिनींना जायचं असंन तं मी नेतो.

त्याने भावांना घेऊन नाव काठाकाठाने बरीच वर ओढत नेली आणि मग सोडली, म्हणजे धार तिरकी खाली नेईल आणि पलीकडच्या उताराला, नाव लागायच्या जागी, लावेल. मी मधे बसले होते. आजवर मी पुष्कळ गोष्टींना भ्याले, पण तसं भय परत लागलं नाही. मामा म्हणाला, "वहिनी, डोळे मिटू नका. पान्याकडं बी पाहू नका. माझ्या हाताकडं पाहा." मी त्याच्या हातांकडे पाहत राहिले. काळे, गाठीगाठीचे, भिजून सुरकुतलेले हात. ते कुठेही अडखळले नाहीत. मी माहेरी पोचले. वडील माझ्या हातचं पाणी प्यायले, मला नावाने हाक मारली, आणि मग गेले.

परत आल्यावर मी मामाला काहीतरी देऊ केलं. काय ते आता आठवत नाही, लुगडं असेल मामीसाठी. त्याने घेतलं नाही. म्हणाला, सुगीत पायली देताच की तुमी. मला ते फार लागलं. खरं तर लागण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. पण तिथून पुढे तो समोर आला की माझी मान आपोआप खाली जायची. त्याने मला कधी आठवण करून दिली नाही. करून दिली असती तर बरं झालं असतं. मनात थोडा राग धरता आला असता.

दसरा झाला आणि पंचायतीची निवडणूक जाहीर झाली. पलीकडच्या गावाची पंचायत, आणि तिच्यात बेटाचा एक वॉर्ड, एक जागा. एवढ्याशा बेटाला सरकारने वॉर्ड म्हटलं याचंच सगळ्यांना कौतुक. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तो शब्द घोळवून घोळवून म्हणायच्या. त्या दिवसांचा वास अजून माझ्या नाकात आहे. वेचलेल्या कापसाचा कोरडा वास, सकाळच्या धुक्यात गंगेवरून येणारा गाळाचा वास, आणि चुलीवर करडईची भाजी. ज्वारी गुडघ्याला आली होती. तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. अशा दिवसांत माणसांनी एकमेकांशी वाकडं धरावं असं काही हवेत नव्हतं.

आमचे थोरले भाऊजी उभे राहिले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमचा कापूस गाडीतून काठापर्यंत यायचा, तिथे उतरवून डोक्यावरून नावेत, पलीकडे पुन्हा डोक्यावरून गाडीत. गठ्ठे भिजायचे, भाव पडायचा. पंचायतीने उताराचा लिलाव करावा, जो घेईल त्याने बैलगाडीसकट माणसं नेणारी मोठी नाव आणावी, माणशी पैसे घ्यावे, काम चोख करावं. यात खोटं काय होतं? मला आजही काही सापडत नाही. फक्त लिलाव झाला की सटवाजीमामाची नाव उपडी पडणार होती, कारण लिलावात बोलायला त्याच्याकडे काही नव्हतं. म्हणून मामाही उभा राहिला. त्याला सदस्य व्हायचं नव्हतं. त्याला नाव चालवायची होती.

निशाण्या आल्या. मामाने नाव मागितली होती. तशी निशाणी त्यांच्याकडे नव्हती, म्हणून त्याला छत्री मिळाली. भाऊजींना घोडा. भाऊजी जन्मात घोड्यावर बसले नव्हते आणि मामाकडे पावसात पोत्याची खोळ होती. आत्याबाई हसून हसून म्हणाल्या, सरकारला बेट दिसलं नाही हेच खरं.

आमच्या घरात कोणी मला अमक्याला मत दे असं सांगितलं नाही. सांगायची गरज काय? घर एक, म्हणजे मतही एक. रात्रीच्या जेवणात पुरुषांच्या पंगतीला हिशेब चालायचा, कोणती घरं घोड्याची, कोणती छत्रीची. माझं नाव कोणी घेत नसे. ते धरलेलंच होतं. एकदा भाऊजी हात धुताना सहज म्हणाले की मामा हुशार नाही, मतदानाच्या दिवशी तो स्वतःचं घर मागे ठेवून आपली माणसं आधी वाहून नेईल. त्यावर हे म्हणाले, नेईलच, त्याचा नियमच आहे. मग भाऊजींनी पुन्हा बसून सगळी घरं पहिल्यापासून मोजली. त्या मोजण्याचा अर्थ मला मतदानाच्या दिवशी कळला.

मतदान पलीकडच्या शाळेत होतं. सकाळी धुकं एवढं, की नाव काठाला असूनही दिसेना. सूर्य वर येईपर्यंत मामाने नाव सोडलीच नाही. मग फेऱ्या सुरू झाल्या. मी घरी भाकरी थापत होते, कारण आमच्याकडे त्या दिवशी जेवायला वस्तीतली बरीच माणसं. पण आमचं घर उंचावर, अंगणातून उतार दिसायचा. बाया आंघोळी करून, ठेवणीतली लुगडी नेसून नावेत बसत होत्या. कोणी पेटीला वाहायला हळदकुंकू घेतलेलं, कोणी फुलं. म्हाताऱ्या आधी, मग बाकीचे. घोडा आणि छत्री एकाच नावेत दाटीवाटीने बसून चालले होते आणि मामा सगळ्यांना सारखा वल्हवत होता. पलीकडे मत देऊन झालेली माणसं परत यायला उभी असत, वेचणी पडली होती ना, त्यांनाही आणायचं. दुपारी शाळेतल्या साहेबाने मामालाच हाक मारून आत नेलं, तेव्हा कुठे त्याने स्वतःचं मत दिलं. तेही नावेचा दोर एका पोक्त माणसाच्या हातात देऊन.

आणि अलीकडच्या काठावर, बाभळीखाली, राहीमामी, तिची सासू, दोन दीर आणि एक जाऊ सकाळपासून उभी होती.

भाऊजीही तिथेच होते. त्यांनी काही बेकायदा केलं नाही. कोणाला अडवलं नाही, धमकावलं नाही, कोणाच्या हातावर काही ठेवलं नाही. त्यांनी एवढंच केलं, की आमच्या बाजूची माणसं एकदम पाठवली नाहीत. शेतातून थोडी थोडी आणली. नाव परत काठाला लागायची, मामीची मंडळी पदर सावरून पुढे व्हायची, आणि वेचणीच्या बाया वाटेने उतरताना दिसायच्या. मामी मागे सरायची. तिला कोणी सर म्हणत नव्हतं. ज्या नियमाने आमचे जीव वाचवले होते, तोच नियम आम्ही त्या दिवशी तिच्यापुढे उभा केला, तोही काही न बोलता. गरज सरो, वैद्य मरो, असं म्हणतात. आम्ही वैद्य मरायची वाटही पाहिली नाही.

ऊन कलल्यावर भाऊजींचा निरोप आला, आता घरातल्या बायांनी यावं. आत्याबाई, मी, थोरल्या जाऊबाई आणि कामाच्या दोन बाया निघालो. हातातलं पीठ धुऊन मी नवं लुगडं नेसले. माझं पहिलं मत होतं, मला हौसही होती. ती मी का लपवू. उतारावर पोचलो तर नाव नुकतीच लागली होती आणि काठावर मामीच्या घराखेरीज कोणी नव्हतं. तिचा एक पाय पाण्यात होता. आम्हाला पाहून तिने तो बाहेर काढला.

मी थांबले. खरंच थांबले होते. सूर्य पलीकडच्या झाडांना टेकायला आला होता, मतदान थोड्याच वेळात बंद होणार होतं, आणि नावेने जाऊन परत यायला किती वेळ लागतो हे बेटावरच्या माणसाला सांगावं लागत नाही. एका फेरीत सगळी मावणार नव्हती, कारण मधल्या तीन-चार जागा वांग्यांच्या पाट्यांनी भरल्या होत्या, पाट्याही आमच्याच. मी मामीला म्हणू शकले असते, तुम्ही जा, मी थांबते. एक बाई तरी गेली असती. पण आत्याबाई बसल्या होत्या, भाऊजी बाभळीखालून पाहत होते, आणि मामीनेच माझा हात धरून मला नावेत घेतलं. "बसा वहिनी, जल्दी बसा, येळ होऊन राह्यला," ती म्हणाली. तिला माझ्या वेळेची काळजी पडली होती. मी बसले. माझी पाळी होती.

शाळेत रांग होती, आत जायला बराच वेळ लागला. एका कोपऱ्याला सतरंजी टांगून आडोसा केला होता. आत दोन पत्र्याच्या पेट्या, एकीवर घोडा, एकीवर छत्री. दोन्ही पेट्यांवर हळदकुंकू पडलेलं, झेंडूच्या पाकळ्या पडलेल्या. बायांनी भेद केला नव्हता. हातात कागद घेऊन मी एकटी उभी होते. लग्नानंतर इतकी एकटी मी कधीच नव्हते. बेटावर बाई एकटी नसतेच. तिथे आत्याबाई नव्हत्या, हे नव्हते, भाऊजी नव्हते. कागद कुठेही टाकला असता तरी देवाखेरीज कोणाला कळणार नव्हतं.

मी घोड्यात टाकला.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आले की घरच्यांच्या धाकाने टाकला. ते खरं नाही. आडोशामागे धाक नव्हता. कापसासाठी टाकला असंही नाही. मला ती मोठी नाव हवी होती. पैसे टाकून बसायची, कोणाचीतरी, ओळखपाळख नसलेली. जिच्या नाववाल्याच्या हातांकडे पाहावं लागणार नाही, जिच्यातून उतरताना मान खाली घालावी लागणार नाही. ज्याने मला वडिलांपर्यंत पोचवलं त्याच्या उपकारातून मला सुटायचं होतं, आणि सुटायची सोय सरकारने पत्र्याच्या पेटीत करून दिली होती. माणूस अपकार विसरतो, पण उपकार करणारा रोज समोर दिसला तर त्याला सहन होत नाही. निदान मला झालं नाही.

बोटाला शाई लावून घेऊन मी ओसरीवर आले. आत्याबाई आत होत्या. तेवढ्यात उताराच्या वाटेने राहीमामी येताना दिसली. धावत होती. लुगडं मांड्यांपर्यंत भिजलेलं, म्हणजे नाव लागायच्या आधीच तिने पाण्यात उडी टाकली असणार. मागून जाऊ, दीर, आणि सगळ्यात मागे म्हातारीला पाठुंगळी घेतलेला मामा. आमच्या वस्तीच्या बाया मत देऊन बाहेर आल्या आणि साहेबाने दार लोटून घेतलं. वेळ झाली होती. तो साहेब परगावचा, नियमाने वागणारा, त्याचाही दोष नव्हता. त्या दिवशी कोणाचाच दोष नव्हता, हेच तर मला खात राहिलं.

मामी दारापर्यंत आली. तिने कडी वाजवली नाही. दाराला नुसता हात लावला, आणि वळून माझ्याकडे पाहिलं. मी शाईचं बोट पदरात घेतलं. मामाने आईला ओसरीवर उतरवलं, धाप टाकत जरासा उभा राहिला, आणि साहेबाला दाराबाहेरूनच म्हणाला, "बराबर हाय साहेब. आमालाच उशीर झाला."

मोजणी तिथेच, कंदील लावून झाली. भाऊजी दोन मतांनी निवडून आले.

मग गुलाल, हलगी, ओरडा. आणि घरी कसं जायचं, तर मामाच्याच नावेतून. दुसरी होती कुठे? लाल झालेले आमचे पुरुष त्याच्या नावेत चढले, हलगीवाला पुढच्या टोकाला बसला. मामाच्या डोक्यावरही कोणीतरी मूठभर उधळला. त्याने पुसला नाही. मधल्या धारेत दोघेतिघे नाचायला उठले तेव्हा तो एवढंच म्हणाला, बसून घ्या, पानी ओढीचं हाय. सगळे बसले. हलगीही थांबली. पुढचं सारं अंतर वल्ह्याचा आवाज आणि पाण्यावर लाल रेघ. काठाला लागल्यावर त्याने प्रत्येकाला हात देऊन उतरवलं. भाऊजींनाही. आणि मग रिकामी नाव घेऊन स्वतःच्या माणसांना आणायला परत गेला.

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापली तेव्हा पिठात शाईचं बोट दिसत होतं. राखेने घासलं, चिंचेने घासलं. नात मागे एकदा विचारत होती, आजी, तू पहिलं मत कोणाला दिलंस? मी म्हटलं, मत गुप्त असतं बाई. ती हसली. घरात सगळ्यांना वाटतं मी गमतीने म्हणते.

पुढच्या सुगीनंतर लिलाव झाला. मोठी नाव आली, गाड्या जाऊ लागल्या, कापसाला भाव मिळाला. भाऊजी दिलेल्या शब्दाला पक्के होते. मी पैसे टाकून माहेरी गेले आणि मान ताठ ठेवून उतरले. पहिल्याच पुरात ठेकेदाराची माणसं नाव बांधून शहागडला निघून गेली. करारात पुराचं काही लिहिलं नव्हतं. तेव्हा मामाने त्याची उपडी ठेवलेली नाव सरळ केली आणि बेट खाली केलं. त्याच क्रमाने. पाणी ओसरल्यावर ठेकेदाराने पंचायतीत तक्रार केली, आणि मामाला ताकीद मिळाली. त्याने नाव पुन्हा उपडी ठेवली. संक्रांतीनंतर ते सगळं घर बेट सोडून शहागडला गेलं. सडकेवर ट्रक थांबायचे, तिथे हमाली मिळायची. पाण्यावरच्या माणसाने पोती वाहिली.

आमचंही बेट सुटलं. वर धरण झालं, खाली वाळूचे ट्रक लागले. मुलगा जालन्याला नोकरीला, मी त्याच्याबरोबर. भाऊजी गेले, हेही गेले. तो वॉर्ड आता कुठल्या कागदावर नाही. ज्या जागेसाठी आम्ही एवढं केलं ती जागाच राहिली नाही. पण केलेलं राहिलं.

पुष्कळ वर्षांनी मी एका लग्नासाठी बीडला निघाले होते. एसटी शहागडला थांबली. थंडीचेच दिवस. स्टँडबाहेर दोन बाया बोरांच्या पाट्या घेऊन बसल्या होत्या. मी बोरं घ्यायला वाकले आणि त्यातल्या म्हातारीने माझ्याकडे बघून विचारलं, "वहिनीच ना तुमी? बेटाच्या?"

राहीमामी होती. तोंडात दात राहिले नव्हते, आवाज तोच. मी तिच्याजवळ खालीच बसले. मामा मागच्या पावसाळ्यात गेला होता. तिने ते साधं सांगितलं. माझी मुलं, तिची मुलं, कोण कुठे, सगळं विचारून झालं. मग मलाच राहवेना. मी म्हटलं, मामी, त्या मतदानाच्या दिवशी तुम्ही उभ्याच राहिलात.

माझं पुढचं वाक्य तयार होतं. ते मी इतकी वर्षं तयार ठेवलं होतं. पण ती हसायला लागली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मलाच लई लागल्तं बघा तवा. दारापसून माघारी आल्ते ना मी. रडून राह्यले होते रातभर. मंग हेच म्हनले, रडू नको, तुझ्या जागंवर वहिनी गेल्ती. तिनं टाकलं ते तुझंच मत हाय. ती आपल्याला सोडून दुसरीकडं टाकनार न्हाई, बिलकुल न्हाई." जरा थांबून तिने विचारलं, "बराबर ना, वहिनी?"

एसटीचा ड्रायव्हर चढत होता. मी मामीच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या तयार वाक्याने माझं ओझं उतरलं असतं, आणि ते तिच्या अंगावर गेलं असतं.

"हो, मामी," मी म्हणाले.

तिने माझी पिशवी ओढून घेतली आणि ओंजळी ओंजळीने बोरं भरली. पैसे देऊ लागले तर हात मागे घेतला. मग शेजारच्या पाटीवरच्या बाईकडे वळून, मोठ्या अभिमानाने सांगितलं, "ह्या आमच्यातल्या हायेत. सगळं बेट फिरलं तवा ह्यांनी आमाला मत दिल्तं."

ती बाई माझ्याकडे बघून हसली, आणि मीही हसले.